पत्ताकोबीवरच्या अळ्या पांढऱ्या पडून मरून राहिल्या, बुरशीनाशक मारू का?

वावरवाला (सेलू, वर्धा):
पोळ्यापासून आभाळ गच्च हाये. अर्धा एकर पत्ताकोबीत स्पोडोप्टेरा (पानं खाणारी अळी) लय झाली होती. आता पाहतो तर मोठ्या अळ्या वरच्या पानाले चिकटून मेल्या, खडूसारख्या पांढऱ्या अन् कडक. काहींवर फिक्कट हिरवी भुकटी. बाजूचे काका म्हणते बुरशी आली, पिकात पसरन, मॅन्कोझेब मार. कृषी केंद्रवाल्यानं तर पुडा काढूनच ठेवला. मारू का?

मोर्शीकर:
पुडा दुकानातच राहू द्या भाऊ. ही बुरशी कोबीची नाही, अळीची आहे. आधी पांढरी, मग हिरवट भुकटी, म्हणजे नोमुरिया रिलेई (आता तिला मेटारायझियम रिलेई म्हणतात). पावसाळी ढगाळ हवेत सोयाबीनवरही हीच दिसते. बीजाणू अळीच्या कातडीवर पडतो, ओलाव्यात रुजतो अन् कातडी भेदून आत शिरतो. अळीनं तो खायची गरज नाही. साधारण आठवड्याभरात अळी मरते, तिच्यावरची भुकटी वाऱ्यानं बाजूच्या अळीवर जाते. मॅन्कोझेब मारलं की हे कामच बंद. मेलेल्या अळ्या वेचूही नका.

उलटी लटकलेली, लिबलिबीत, हात लावताच फुटणारी अळी दिसली तर तो एनपीव्ही विषाणू. तोही आपल्याच बाजूचा.

वावरवाला:
मंग काहीच नको? अन् ऊन पडलं तर?

मोर्शीकर:
ऊन पडून हवा कोरडी झाली की ही बुरशी ढिली पडते. शिवाय ती येते अळी भरमसाठ वाढल्यावर, तोवर पानांची चाळण झालेली असते. म्हणून निव्वळ तिच्या भरवशावर मी तरी बसत नाही. गड्डा धरत असेल तर पानं उलटून पाहा. लहान जिवंत अळ्या असतील तर बिव्हेरिया (हीपण अळी मारणारी बुरशीच, पुडीत मिळते), लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 75. संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूनं. पाकिटावरची तारीख पाहा. दुकानाच्या दारात उन्हात पडलेली पुडी म्हणजे नुसतं शंखजिरं.

तुतीवाला:
शेजारी कोणाची तुती असेल तर बिव्हेरिया मारू नका बावा! रेशीम अळीचा पांढरा मस्कार्डिन रोग याच बुरशीनं होतो. बस्सी नावाच्या इटालियन माणसानं 1835 मध्येच ते दाखवून दिलं. आमची अख्खी बॅच जाते.

वावरवाला:
तुती नाही, तूर हाये. पुडा परत केला. काकाच्या कोबीत बी तशाच पांढऱ्या अळ्या होत्या, पण त्यायनं सकाळीच मॅन्कोझेब मारलं.