झॉडला मारलं ते चालेल, पुढचा सीन चालत नाही

रामबाग_रीडर

'मॅन ऑफ स्टील' २०१३ चा, पण आपल्या इंदूरच्या कॉमिक्सवाल्यांचं सुतक काही फिटत नाही. छप्पन दुकानवर चारजण जमले की कोणीतरी सुरू करतंच: सुपरमॅननं खलनायक झॉडची मान मोडली, सुपरमॅन कधी कोणाचा जीव घेत नाही, दिग्दर्शक स्नायडरनं वाट लावली.

घेतो हो जीव. १९८८ मध्ये जॉन बर्ननं लिहिलेल्या आणि काढलेल्या 'सुपरमॅन'च्या २२व्या अंकात त्यानं झॉड आणि दोघा साथीदारांना हिरव्या क्रिप्टोनाइटनं, म्हणजे त्यांच्याच ग्रहावरच्या जीवघेण्या दगडानं मारलं. तेही त्यांची शक्ती आधीच काढून घेतल्यावर, ते गयावया करत असताना. त्यांनी दुसऱ्या विश्वातली एक अख्खी पृथ्वी माणसांसकट संपवली होती, त्याची ही शिक्षा. पिक्चरमध्ये निदान समोर एक कुटुंब जळायच्या बेतात होतं. म्हणजे पडद्यावरचा सुपरमॅन कागदावरच्यापेक्षा सोज्वळच निघाला!

माझं भांडण पुढच्या सीनशी आहे. मान मोडल्यावर तो गुडघ्यांवर येऊन ओरडतो, लोइस त्याला जवळ घेते, इथवर ठीक. आणि मग? सैन्याचं ड्रोन पाडून जनरलच्या पुढ्यात टाकतो, दोन टोमणे मारतो, आणि तिथली अधिकारी बाई हसत म्हणते की दिसायला भारी आहे. संपलं सगळं. कॉमिक्समध्ये तो पुढचे कित्येक अंक त्या खुनाखाली दबलेला आहे. स्वतःच्या नकळत दुसऱ्याच वेशात रात्री गुंड बडवत फिरतो, आणि ते कळल्यावर पृथ्वी सोडून अंतराळात निघून जातो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: गोष्ट हवी तशी बदला, पण जे घडवलं त्याची किंमत त्या पात्राकडून तिथेच वसूल करा. आणि अडीच तासांच्या पिक्चरला ते झेपत नाही, मालिकेलाच झेपतं. 'डेअरडेव्हिल'च्या (२०१५) दुसऱ्याच भागातली कॉरिडॉरमधली मारामारी आठवा. हिरो धापा टाकतो, भिंतीला टेकतो, मारलेले गुंड पुन्हा उठून अंगावर येतात. असा दमलेला हिरो पिक्चरवाले दाखवतच नाहीत.

खजुरीबाजार

भिया, 'हवी तशी बदला' ही सूट देणारे तुम्ही कोण? बारीकसारीक म्हणून जे सोडून देता त्यातच अर्धं पात्र असतं.

स्पायडरमॅन घ्या. कॉमिक्समध्ये पीटरला, म्हणजे मुखवट्यामागच्या पोराला, कोळी चावून ताकद मिळते, जाळं मिळत नाही. ते फेकायचं यंत्र तो स्वतः घरी बसून बनवतो. फाटक्या खिशाचा हुशार पोरगा आहे, हे त्या मनगटावरच्या यंत्रातून दिसतं. ऐन मारामारीत आतलं रसायन संपतं आणि तुमचा जीव वर-खाली होतो. २००२ च्या पिक्चरमध्ये सॅम रेमीनं जाळं थेट मनगटातून काढलं. झालं, डोकं गेलं आणि फक्त अंग उरलं. २०१२ ला यंत्र परत आणावं लागलं ते उगाच नाही.

अन्नपूर्णा_रोडवाली

दादा, अर्धंच सांगताय. रेमीचा पिक्चर चालल्यावर २००४ मध्ये कॉमिक्सवाल्यांनीच आपल्या पीटरला मनगटातून जाळं दिलं होतं. पुढे काढून टाकलं ती गोष्ट वेगळी.

हे कागद म्हणजे मूळ आणि पडदा म्हणजे नक्कल, असं धरून चालायचं कशाला? १९३८ चा सुपरमॅन उडत नव्हता, लांब उड्या मारायचा. तो पडद्यावर उडाला १९४१ च्या कार्टूनपासून. ज्या क्रिप्टोनाइटवर वरची सगळी झॉडकथा उभी आहे, ते १९४३ मध्ये रेडिओच्या मालिकेत आलं, छापील कॉमिक्समध्ये नंतर. जोकरची जोडीदारीण हार्ली क्विन तर १९९२ च्या बॅटमॅनच्या कार्टून मालिकेत जन्मली. आज तिच्याशिवाय जोकर अपुरा वाटतो आणि तिचे कपडे घालून कॉलेजच्या पोरी मिरवतात.

आणि आमच्या घरात ज्याच्या थप्प्या होत्या ते इंद्रजाल कॉमिक्स तरी कुठे मूळ? ली फॉकचा वेताळ वर्तमानपत्रात रोज तुकड्या-तुकड्यानं यायचा. इंद्रजालवाल्यांनी तो कापून-जोडून अंकात बसवला, पिढीजात शत्रू असलेल्या 'सिंग' चाच्यांना 'सिंगा' करून टाकलं. ते वाचताना कोणाला अपचन झालेलं ऐकलं नाही मी.

खजुरीबाजार

ताई, कापणं-जोडणं वेगळं आणि माणूस बदलणं वेगळं. वेताळाची अंगठी इंद्रजालनं काढून घेतली नाही.

नऊ_चौकटी

तुमची सगळ्यांची भांडणं कथेवर चाललीत. कॉमिक्स म्हणजे फक्त कथा असती तर चित्रं कशाला काढली असती?

१९७३ चा 'अमेझिंग स्पायडरमॅन', अंक १२१. खलनायक ग्रीन गॉब्लिन पीटरच्या मैत्रिणीला, ग्वेनला पुलावरून खाली लोटतो. स्पायडरमॅन वरून जाळं फेकतो आणि पडणाऱ्या ग्वेनचे पाय त्यात अडकतात. त्या चौकटीत तिच्या मानेजवळ इवल्याशा अक्षरांत एक आवाज छापलाय: 'स्नॅप'. पहिल्यांदा वाचताना तो नजरेतून सुटतोही. स्पायडरमॅन तिला वर ओढतो, वाचवलं म्हणून खुशीत बडबडतो, आणि मग कळतं. तेव्हा तुम्ही एक पान मागे जाता. मघाशी न दिसलेला तो आवाज आता तुम्हाला दिसतो, आणि गॉब्लिननं मारलं की झटका देणाऱ्या जाळ्यानं, हा प्रश्न कायमचा मागे लागतो.

२०१४ च्या पिक्चरमध्ये घड्याळाचा मनोरा आहे, स्लो मोशन आहे, जाळ्याचं टोक हाताच्या पंजासारखं पसरत तिच्याकडे झेपावतं, तिचं डोकं खाली आपटतं. रडू येतं, नाही म्हणत नाही. पण मागे जाऊन काही शोधावं असं तिथे शिल्लकच नाही. सगळं दाखवून झालेलं असतं.

'वॉचमन' या कॉमिक्सच्या पुस्तकाचा २००९ चा पिक्चर तर चौकटी समोर ठेवूनच काढल्यासारखा आहे, शेवटचा तो राक्षसी समुद्री प्राणी तेवढा वगळला. तरी पुस्तकातली मजा नाही. कशी येणार? त्याच्या पाचव्या अंकात पहिलं पान शेवटच्या पानाशी जुळतं, दुसरं त्याच्या आधीच्या पानाशी, असं आरशासारखं मधोमध येऊन मिळतं. हे पडद्यावर दाखवून दाखवा. तेव्हा, रामबाग, मालिका काढा नाहीतर पिक्चर, दोन्हीकडे घड्याळ दिग्दर्शकाच्या हातात. कॉमिक्समध्ये ते माझ्या बोटात असतं.

रामबाग_रीडर

'वॉचमन'वरूनच बोलू. २०१९ ची मालिका पानं उतरवायच्या फंदातच पडली नाही. मूळ पुस्तकातलं सगळं, त्या समुद्री प्राण्यासकट, खरंच घडलं असं धरून तीसेक वर्षं पुढची गोष्ट सांगितली, आणि सुरुवात केली ती १९२१ च्या टल्सामधल्या कृष्णवर्णीयांच्या खऱ्या कत्तलीपासून. मुखवटा घालायची पाळी माणसावर का येते, याचं त्याहून खणखणीत उत्तर मी बघितलेलं नाही. आरसा नाही दाखवला त्यांनी, पण पुस्तकाला पुढे नेलं. हे पिक्चरला जमलं नसतं, इतकंच मी म्हणतोय.

विजयनगरचा_स्पायडी

मी यातलं एकही कॉमिक्स वाचलेलं नाही, खरं सांगतो. घरी टीव्हीवर हिंदीत लागायचे ते पिक्चर बघून मोठा झालो. माझ्यासाठी तेच मूळ.

आणि पिक्चरला किंमत वसूल करता येत नाही? 'स्पायडरमॅन २' (२००४) मधली रेल्वे बघा. जाळी ताणून ताणून गाडी थांबवतो आणि बेशुद्ध पडतो, मास्क निघालेला. लोक त्याला हातांवरून आत घेतात, आणि त्यांच्या लक्षात येतं की हा तर पोरगा आहे. दोन मिनिटांत वसुली! दहा भागांची मालिका लागली नाही. उलट मालिकेत तुमचे हिरो चौथ्या भागापासून खुर्चीत बसून नुसतं बोलतात, कारण पैसे संपलेले असतात.

नव्या 'सुपरमॅन'मध्ये (२०२५) एवढा राक्षस शहर तुडवत असताना तो एका खारीला उचलून बाजूला ठेवतो. बाबा म्हणाले, फालतूपणा. मला वाटलं, हाच सुपरमॅन.

खजुरीबाजार

पोरा, खारीला माझं मत. बारीकसारीक म्हणतो ते हेच.

सुदामानगरचे_काका

अमेरिकेचं झालं असेल तर घरचं बघू का? राज कॉमिक्सचा नागराज १९८६ चा, सुपर कमांडो ध्रुव १९८७ चा. आपण घरी मराठी बोललो तरी बाहेर भाड्यानं आणून वाचली ती हीच हिंदी कॉमिक्स. राजच्याच डोगा या हिरोवर अनुराग कश्यप पिक्चर काढणार, कुणाल कपूर डोगा होणार, अशी हवा झाली होती. आला नाही. खरं तर सगळ्यात स्वस्तात होईल तो ध्रुवचा. पठ्ठ्याकडे शक्तीच नाही. डोकं, कसरत, मोटरसायकल, स्टारलाइन म्हणजे फेकायची दोरी, आणि प्राण्या-पक्ष्यांची भाषा कळते, बस्स.

अन्नपूर्णा_रोडवाली

काका, तिथेच अडेल. ही भाषा त्याला कळते कारण तो ज्युपिटर सर्कशीत वाढला. वाघ, सिंह, अस्वल, माकड यांना खेळात नाचवायला १९९८ च्या अधिसूचनेनं बंदी आली, २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ती कायम ठेवली. आजच्या पंचवीस वर्षांच्या ध्रुवनं सर्कशीत सिंह पाहिलेलाच नसणार. अनुपम सिन्हांनी काढलेला ध्रुव जसाच्या तसा उचलला तर पहिल्याच सीनला थिएटरातली पोरं विचारतील, हे चालतं का? बदलावंच लागेल.

विजयनगरचा_स्पायडी

प्राणिसंग्रहालयात वाढलेला दाखवा. बाप तिथला कर्मचारी.

खजुरीबाजार

अजिबात नाही. प्राणिसंग्रहालयात प्राणी पिंजऱ्यात आणि माणूस बाहेर. सर्कशीत आई-बाप झुल्यावर, पोरगं तंबूत, सिंह शेजारी, सगळे एकाच घरातले. आणि एका रात्री दुसऱ्या सर्कसवाल्यांनी मत्सरानं ती सगळी सर्कस पेटवली. त्या आगीतून ध्रुव झाला. सर्कस काढलीत तर पेटवाल काय, तिकीट खिडकी?

रामबाग_रीडर

माझ्या हिशोबात ती आग महत्त्वाची, तंबू नाही. फिरती नाटक मंडळी दाखवली तरी आग लागते.

खजुरीबाजार

आणि प्राण्यांची भाषा त्याला काय नेपथ्य शिकवणार?

सुदामानगरचे_काका

भांडू नका. ध्रुवला १९८७ मध्येच ठेवा, बंदीच्या आधी. सर्कस पण राहील आणि सिंह पण. सिंह कॉम्प्युटरवर काढा, म्हणजे कोणाचीच तक्रार नको.

खजुरीबाजार

हे चालेल. पण मोटरसायकल तेव्हाचीच पाहिजे, आणि स्टारलाइन खरी फेकलेली. ती कॉम्प्युटरवर काढलीत तर मी तिकीट काढणार नाही.