सम्पमधला पांढरा अ‍ॅनिमोन ठणठणीत, मग पांढरं पडलेलं पोवळं का मरतं?

खारटपणा: टँकमध्ये एप्टेशिया (शुंडकांनी, म्हणजे तोंडाभोवतीच्या लवचीक सोंडांनी, शिकार धरणारा छोटा समुद्री अ‍ॅनिमोन) माजलाय. (समुद्री टँकवाल्यांना वेगळं सांगायला नको, एक खरवडला की तळाशी राहिलेल्या तुकड्यांतून आणखी उगवतात.) लाइटखालचे सगळे तपकिरी. काल सम्प (टँकखालची पाणी गाळायची टाकी) साफ करताना अंधाऱ्या पाइपच्या आत तोच प्राणी दिसला, पण पांढराफटक, जवळजवळ आरपार दिसणारा. काडी लावली की झटकन मिटतो, आर्टेमिया (माशांना खाऊ म्हणून देतात ती बारीक कोळंबी) दिला की गट्टम. तपकिरी रंग आतल्या शैवालाचा, एवढं ठाऊक आहे. मग शैवालाशिवाय हा मजेत कसा? पोवळी तर पांढरी पडली की मरतात म्हणे.

भिंगवाला: तुम्ही ज्याला वैतागलात तो आम्ही प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवतो, पांढरा तर खास जपून. तपकिऱ्याच्या शुंडकाचं टोक कापून काचपट्टीवर दाबा. चारशेपट मोठं केलं की साधारण १० मायक्रॉनचे तपकिरी गोळे दिसतील. ते आतल्या थराच्या पेशींमध्येच असतात. गिळून घेतलेले, पण पचवलेले नाहीत! शैवाल ग्लुकोज देतं, प्राणी त्याला कार्बन डायऑक्साइड आणि अमोनियम पुरवतो.

आता पोवळं. त्याला चुन्याचा सांगाडा रचायचा असतो, तेही अन्नाची वानवा असलेल्या पाण्यात. रोजच्या ऊर्जेचा मोठा वाटा, कित्येकदा ९० टक्क्यांपर्यंत, शैवालाकडून येतो. तो थांबला की उपासमार. तुमच्या पाइपात मात्र वरच्या माशांचं उष्टं आयतं येतंय, सांगाड्याचा खर्चही नाही.

निळाई: पण पोवळंही शिकार करतंच की. मग तेवढ्यावर का भागत नाही?

भिंगवाला: काहींचं भागतं. हवाईतलं माँटिपोरा कॅपिटाटा पांढरं पडल्यावर खाणं वाढवतं आणि तगतं. सगळ्यांना ते जमत नाही. शिवाय पांढरं पडण्याचं कारणही बघा. खारटपणा यांचा प्राणी निवांत अंधारात पांढरा झालाय. प्रवाळभित्तीवर उन्हाळ्यातल्या सर्वांत गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी जेमतेम १ अंशानं जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की शैवालाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं, ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि शैवाल बाहेर पडतं. म्हणजे पोवळ्याला उपासमार आणि भाजणं एकदमच. 'शैवाल गेलं म्हणून मेलं' हे मला अर्धवट वाटतं ते यामुळेच. पाणी वेळेत थंडावलं तर उरल्यासुरल्या शैवालातून रंग परत येतो.

खारटपणा: याला लाइटखाली ठेवलं तर तपकिरी होईल?

भिंगवाला: होईल. तपकिरी भाऊबंद शैवालाच्या पेशी पाण्यात सोडत असतात, त्यांतल्या काही हा गिळेल. कुठलंही शैवाल चालत नाही बरं का. न जुळणारं बाहेर टाकलं जातं किंवा पचवलं जातं. यांच्यात बहुधा ब्रेव्हिओलम मिनुटम या जातीचं शैवाल रुजतं. आधी शुंडकांवर तुरळक ठिपके येतील, मग रंग भरत जाईल. लाइट एकदम प्रखर नको, हळूहळू वाढवा. आणि तपकिऱ्यांच्या टँकमधलं थोडं पाणी वेगळ्या काचपात्रात घेऊन त्यातच हे करा, मुख्य टँकच्या दगडावर नको.

खारटपणा: काचपात्रच घेतो. दगडावर आणखी एक? नको रे बाबा!