अनुभव धागा : 'फक्त मालकांनी यावे'

कडीपत्ता
काल लिफ्टमध्ये नोटीस लागली. शेजारच्या प्लॉटवर मुलींचं पीजी होतंय, त्याविरुद्ध सह्या द्यायला रविवारी १० वाजता क्लबहाऊसमध्ये जमा. खाली अधोरेखित : फक्त मालकांनी यावे.
मी थेट १९९१ च्या डोंबिवलीत. भाड्याच्या दोन खोल्या. गच्चीवर वाळवणं आधी घरमालकांची, मग आमची. एकदा आईने चिकवड्या आधी घातल्या. मालकीणबाई एक शब्द बोलल्या नाहीत. प्लास्टिकचा कागद चिकवड्यांसकट कोपरे धरून उचलला आणि टाकीच्या सावलीत नेऊन ठेवला. संध्याकाळपर्यंत ओल्याच. रात्री आईने त्या गोळा करून थालीपिठात घातल्या.
आता मी मालकीण. सही करू की नको? तुमचेही किस्से येऊ द्या.

शेवगा
नको करूस. कुकर लावलाय, सविस्तर नंतर.

चौथा_मजला
पुणे, २००६, आम्ही चार बॅचलर. एजंट म्हणाला, "तुमच्यातल्या एकाने तरी लग्न उरका, उद्या घर देतो." शेवटी मिळालं एक. सेक्रेटरी काका रात्री दाराबाहेरच्या चपला मोजायचे. पाचवा जोड दिसला की फोन, "पाहुणे किती दिवस?" पाचवा जोड माझेच जुने फ्लोटर्स होते राव.

हिशेबनीस
आता शिव्या खायची तयारी ठेवून दुसरी बाजू. तीन वर्षं सेक्रेटरी होतो. ८४ फ्लॅट, त्यातले ५१ भाड्याने. मालक कोणी दुबईत, कोणी बंगळुरात. सभेला कोरम नाही. टाकीचं गळतं काढायचं तर ईमेलवर ईमेल, आणि उत्तर काय, "भाडेकरूला विचारा." भाडेकरूला मत नाही, मालकाला सवड नाही. चिडचिड होते हो.
पण आधीच्या कमिटीने भाड्याने दिलेल्या फ्लॅटला महिना दीड हजार जादा लावले होते, तेही चूकच. २००१ च्या शासन निर्णयाप्रमाणे हे जादा पैसे, म्हणजे नॉन ऑक्युपन्सी चार्जेस, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाहीत. एका मालकाने तक्रार केली, सगळे परत द्यावे लागले. वाटप माझ्या नशिबी!

निशिगंध_७
चिकवड्यांचं थालीपीठ??? साबुदाणा चिकट नाही झाला? भाजणी घातली होती का?

गिरगावचा_जिना
आमच्याकडे सगळं उलटं. आजोबांनी १९५८ ला पगडी, म्हणजे घरमालकाला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने खोली घेतली. भाडेपावती आजही ८७ रुपयांची. घरमालक पावतीपुस्तक घेऊन वर येतात तेव्हा आम्हीच म्हणतो, बसा, पाणी घेता? बिचारे जिन्याने दमलेले असतात. खोली विकली तर साधारण तिसरा हिस्सा त्यांना, बाकी आमचा. मग मालक कोण?
गंमत म्हणजे आमच्याच मजल्यावर एकांनी खोली लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या करारावर) दिली, तर आख्खी चाळ त्या जोडप्याला 'भाडोत्री' म्हणते. म्हणणारे सगळे स्वतः भाडेकरू.

चौथा_मजला
@गिरगावचा_जिना ८७ रुपये! एवढ्यात आमच्याकडे बाइकचं पार्किंगही नाही.

आईची_लेक
थोडं अवांतर. फ्लॅट भाड्याने देतेय, पोलिसांकडे माहिती ऑनलाइन देता येते ना?

हिशेबनीस
येते. आधी करार नोंदवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. 'एजंट बघेल' म्हणू नका.

लालबाग_ते_पनवेल
भाड्याची घरं सरकारलाही शेवटपर्यंत सांभाळता आली नाहीत. पनवेलजवळ कोनला १६० चौरस फुटांची घरं भाड्याने द्यायला म्हणून बांधली. मग दोन-दोन जोडून ३२० फुटांची केली आणि २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांना मालकीने. सासऱ्यांचा नंबर लागला. आयुष्यभर चाळीत भाडं भरलेला माणूस, सातव्या दशकात मालक झाला. पेढे वाटताना पावत्यांची जुनी पिशवीही सगळ्यांना दाखवत होते, कोणी बघायला मागितली नसताना.

स्प्रे_काठी
बर्लिनहून. इथे बहुतेक शहर भाड्याने राहतं, त्यामुळे 'भाडेकरू' ही शिवी नाही. पण बांधकामाला विरोध? तो आहेच. टेम्पलहोफचा विमानतळ बंद झाला, त्या मैदानाच्या कडेला घरं बांधायची होती, २०१४ ला लोकांनी मतदान करून हाणून पाडलं. माझ्यासारखा नवा माणूस फ्लॅट बघायला जातो तेव्हा जिन्यात साठ जणांची रांग. आणि रविवारी मी त्याच मैदानात पतंग उडवतो. लाज वाटते, पण उडवतो.

शेवगा
आले. कुकर करपला. 😑 काय विचारलं होतंस?

कडीपत्ता
मीटिंग झाली. ३१ सह्या. एक काका म्हणाले, मुली आल्या की मुलं येणार, मुलं आली की बाइक. दुसरे म्हणाले, फ्लॅटचे भाव पडणार. प्लॉट आपला नाही हे कोणी काढलंच नाही, मीही नाही. चहा घेतला, कागद पुढे सरकवला, सही नाही केली. निघताना एका काकूंनी विचारलं, "तुम्ही मालकच ना?" मी "हो" म्हणाले. जरा मोठ्यानेच निघालं तोंडातून.
@निशिगंध_७ भाजणी नाही गं, ज्वारीचं पीठ. चिकटच झालं होतं.