शाळेत मेकर मेळावा घ्यायचाय, मुलांच्या हातात काय द्यावं? (तातडीचं)

खडूडस्टर: नमस्कार. प्रदर्शन नको, मुलांनी तिथंच बसून काहीतरी करावं, हाताला वळण लागावं असं डोक्यात आहे. गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात थर्माकोलचे नऊ ज्वालामुखी होते, त्यातले चार एकाच दुकानातले. पुन्हा ते बघवणार नाही. तीन तासांत काय करून घेता येईल? ग्लू गन, मोटारी आणणार आहे. लवकर सांगा, मुख्याध्यापकांना उद्या यादी द्यायचीय.

तांब्याचीतार: सर, मुलं किती, कितवीची, पैसे किती, कधी आहे? एवढं तरी लिहा.

खडूडस्टर: मॅडम आहे. पाचवी ते सातवी, पट ६०. चार हजार रुपये. २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन.

निवृत्त_नांदेडकर: केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेला अर्ज करा, शाळेत प्रयोगशाळा मिळते. २० लाखांचं अनुदान आहे, थ्री-डी प्रिंटरसुद्धा येतो.

तांब्याचीतार: काका, ती सहावी ते बारावीसाठी आहे, १५०० चौरस फूट जागा लागते. मॅडमना उद्या यादी हवीय.
एलईडी करा. नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल येतो, त्याच्या दोन बाजूंना एलईडीचे पाय चिमटले की पेटला. मुलं वेडी होतात.

गॅरेजवाला: त्यापेक्षा ९ व्होल्टची बॅटरी घ्या, उजेड लख्ख.

तांब्याचीतार: लख्ख आणि शेवटचा. एलईडी जळतो. करंट कमी करायला ४७० ओहमचा रेझिस्टर कोण घालणार?

परभणीची_ताई: नाण्याचा सेल नकोच. मी दवाखान्यात नर्स आहे. गिळला आणि अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. मेळाव्याला धाकटी भावंडं कडेवर येतातच. दोन पेन्सिल सेल आणि पांढरा एलईडी घ्या, काम तेच.

तांब्याचीतार: बरोबर आहे ताई. मागे घेतो.

गॅरेजवाला: ग्लू गनची पिन लावणार कुठं? सॉकेट किती आहेत?

खडूडस्टर: एक. दुपारी लाईट नसते.

गॅरेजवाला: हे आधी सांगायचं ना!

आबा_औसा: ज्वारी काढणीचे दिवस असतात ते. धाटं आणा. साल सोलून गाभा घ्या, बाभळीच्या काट्यांनी जोडा. बैलगाडी, मोट, पाळणा, काय पाहिजे ते होतं. ग्लू नको, लाईट नको, चार हजार तसेच राहतात. आम्ही चाकं फिरणारी गाडी करायचो, बैल चिखलाचे.

निवृत्त_नांदेडकर: आबा, येळवशीला (वेळ अमावास्येला) आमच्याकडं आंबील पातळच होते दरवर्षी, काय चुकतं?

आबा_औसा: ते इथं नको, वेगळा धागा काढा.

परभणीची_ताई: मॅडम, पट ६० लिहिलाय. फेब्रुवारीत हजर किती?

खडूडस्टर: ३५ च्या आसपास. बाकीची आईबापासंग ऊसतोडीला, पाडव्याच्या आगंमागं येतात. आमच्याकडं हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून लिहिलं नाही.

परभणीची_ताई: मग मेळावा कुणासाठी? कोयता बांधायला, गाडीची कील बसवायला हीच पोरं बापाला हात लावायलेत. ज्यांच्या हातात कसब ती कारखान्यावर, आणि मागं राहिलेल्यांना आपण ‘हाताला वळण’ लावणार.

खडूडस्टर: ताई, हे मला सुचायला हवं होतं. साहेब तारीख बदलणार नाहीत, विज्ञान दिनाचे फोटो वर पाठवायचेत. २८ ला धाटं आणि एलईडी करते. एप्रिलमध्ये पोरं आली की पुन्हा घेते, आणि तेव्हा शिकवायला तीच बसतील.

तांब्याचीतार: चौघांच्या गटाला कात्री एकच द्या, मुद्दाम. आपोआप बोलावं लागतं.

गॅरेजवाला: आपोआप भांडणं लागतात. माझ्याकडं दोन पोरं शिकायला आहेत, एकच पाना दिला की बघा.

तांब्याचीतार: भांडू द्या की थोडी.

खडूडस्टर: यादी दिली. साहेब हो म्हणाले. फक्त विचारतायत, पहिला-दुसरा-तिसरा नंबर कोण काढणार. काय सांगू?