जर्मन बोलभाषेत धीर देताना: ‘बेरूइग डिश’ की ‘काइने झोर्गे’?

‘शांत हो’ यासाठी कोशात ‘बेरूइग डिश’ सहज सापडते आणि व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोषही आहे. परंतु चिडलेल्या किंवा घाबरलेल्या माणसाला ते तोंडावर ऐकवले, तर धीर मिळण्याऐवजी ‘तू उगीच आकांडतांडव करतो आहेस’ असा ठपकाच त्याला त्यातून जाणवतो. म्हणून धीर द्यायचा असेल तेव्हा बोलभाषेत क्रियापदाविनाच काम भागवणे अधिक सुरक्षित ठरते. ‘काइने झोर्गे’ म्हणजे काळजी नको, आणि घाईगर्दी करणाऱ्याला ‘इमर मिट डेअर रूए’ म्हणजे सावकाश होऊ द्या. अशा प्रयोगांत एकेरी ‘डू’ की आदरार्थी ‘झी’ हा प्रश्नच उद्भवत नसल्यामुळे ते मित्राला जसे म्हणता येतात, तसेच गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी वृद्धेलाही म्हणता येतात.

खरी गंमत मात्र ‘शोन’ या अव्ययात आहे. त्याचा नेहमीचा अर्थ ‘आधीच’ असा असला, तरी ‘डास विर्ट शोन’ या वाक्यात त्या अर्थाचा मागमूसही उरत नाही. ‘डास विर्ट गूट’ म्हटले की ती गोष्ट चांगली होईल असे भाकीत होते. ‘गूट’ काढून ‘शोन’ घातले की नेमके काय होईल हे न सांगताही ‘होईल रे नीट’ असा दिलासा मिळतो. परीक्षेला निघालेल्या मुलीला आई ‘डू शाफ्स्ट डास शोन’, म्हणजे ‘जमेल तुला’, असे म्हणते, तेव्हा सारा विश्वास त्या ‘शोन’मध्येच असतो. आजारपण किंवा प्रेमभंग असेल, तर पूर्ववत होण्याचा अर्थ आणण्यासाठी ‘विर्ट शोन वीडर’ म्हणतात.

‘आलेस गूट’ म्हणजे ‘सगळे ठीक आहे’, पण त्याची जागा वेगळी आहे. धक्का लागून कोणी क्षमा मागितली, तर त्याला उत्तर म्हणून ते शोभते. मात्र समोरच्यावर मोठे संकट कोसळले असताना आपणच ‘आलेस गूट’ म्हणणे हे त्याचे दुःख झटकून टाकण्यासारखे होईल. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियात क्षमायाचनेला ‘पास्ट शोन’, म्हणजे ‘ठीक आहे’, असे उत्तर मिळते, आणि उपाहारगृहात पैसे देताना तेच शब्द उच्चारले की उरलेली रक्कम वाढप्याने ठेवून घ्यावी असा अर्थ होतो. जर्मनीतील कोलोन शहराची बोली याहून पुढे जाते: तिथल्या म्हणींच्या विनोदी ‘राज्यघटने’चे तिसरे कलम, ‘एट हेट नॉख इमर योट येयांगे’, हे आजवर सगळे निभावलेच आहे याची आठवण करून देते, आणि कोलोनकर ते अडचणीच्या प्रसंगी मनापासून उच्चारतात.