लुईझ फारांकच्या सिंफन्या छापल्या का नाहीत?

पंचवटीकर:
गेल्या रविवारी गंगापूर रोडला मैत्रिणीकडे आम्ही सहाजणी जमलो होतो. महिन्यातून एकदा एकीने आपल्या आवडीचं काहीतरी ऐकवायचं, असा आमचा नेम. या वेळी पाळी पियानो शिकवणारीची होती. तिने लुईझ फारांक या संगीतकार बाईची तिसरी सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, लावली. आधी एकटा ओबो, सनईसारखं फुंकायचं वाद्य, अगदी हळू, कुणी दारात उभं राहून आत येऊ का विचारावं तसा. मग व्हायोलिनं उसळली आणि हातातला चहा तसाच राहिला.

ही बाई पॅरिसची, जन्म १८०४. तिथल्या कॉन्झर्वेटॉरमध्ये, म्हणजे सरकारी संगीत विद्यालयात, संगीतरचनेचा वर्ग तेव्हा फक्त पुरुषांसाठी, म्हणून तिथले शिक्षक आंतोन राईखांकडे वेगळं शिकली. १८४२ पासून ३० वर्षं तिथेच पियानोची प्राध्यापक. ही सिंफनी १८४९ मध्ये वाजली, पण तिच्या तिन्ही सिंफन्या तिच्या हयातीत छापल्याच गेल्या नाहीत. मला यात दुसरं कारण दिसत नाही. बाई होती म्हणून.

सूरपेटी:
ताई, मला हे पटत नाही. त्या वेळचं पॅरिस ऑपेराचं वेडं होतं. सिंफनी लिहिणाऱ्याला गिऱ्हाईक नव्हतं. बर्लिओझसारख्या मोठ्या संगीतकाराला वर्तमानपत्रात लिहून पोट भरावं लागलं. त्याच काळातल्या जॉर्ज ऑन्स्लो या संगीतकाराने चार सिंफन्या लिहिल्या, आज किती जणांना ठाऊक आहेत? फारांकबाईंच्या पियानोरचना तर छापल्या गेल्या, नवराच प्रकाशक होता. १८३६ मध्ये जर्मन संगीतकार शुमानने त्यांचं कौतुक लिहिलं. दार बंद होतं असं कसं म्हणायचं?

पंचवटीकर:
दादा, ऑन्स्लोचं नाव तुम्हीच काढलंत. १८४२ मध्ये संगीतकार केरुबिनींच्या जागेवर फ्रान्सच्या कला अकादमीत कोण बसलं? हेच ऑन्स्लो. त्याच वर्षी फारांक नोकरीला लागली, तीही फक्त मुलींना शिकवायला आणि पुरुष प्राध्यापकांपेक्षा कमी पगारावर. १८५० मध्ये तिचं नॉनेट वाजलं, नऊ वाद्यांचं, तरुण योआखिम व्हायोलिनवर. त्याची वाहवा झाली, तेव्हा तिने कॉन्झर्वेटॉरचे संचालक ओबेर यांना पत्र लिहून बरोबरीचा पगार मागितला आणि मिळवला. आठ वर्षं लागली त्याला. पियानोचे तुकडे घरातल्या मुलींना वाजवायला विकले जात, ते छापले. सिंफनी नाही छापली. फरक इथेच आहे.

जुनं नाशिक:
मला पाश्चात्त्य संगीतातलं फार कळत नाही, पण एक सांगते. माझ्या आत्याने बंदिशी बांधल्या. तिची वही माझ्याकडे आहे, निळ्या शाईची, पानं कडेला तपकिरी झालेली. तालाच्या खुणा पेन्सिलने, कारण त्या ती पुन्हा पुन्हा खोडायची. तिची भैरवीतली एक चीज आमच्या ओळखीतले लोक कार्यक्रमात गातात आणि निवेदनात सांगतात, 'पारंपरिक'. मी समोर बसलेली असते. त्या एका शब्दात माझी आत्या पुसली जाते.

सूरपेटी:
आत्याबाईंचं वाचून वाईट वाटलं. पुढच्या वेळी उठून नाव सांगा, खरंच सांगा.
पण माझा मुद्दा सोडत नाही. चीज गळ्यातून गळ्यात जाते, नाव गेलं तरी सूर उरतो. सिंफनीला तीसचाळीस वादक लागतात, प्रत्येकापुढे कागद लागतो. खर्च कोण करणार? हा बाजाराचा प्रश्न आधी, बाई-पुरुषाचा नंतर. शिवाय १८५९ मध्ये मुलगी व्हिक्टोरीन गेली, त्यानंतर त्यांनी स्वतःच रचना जवळजवळ थांबवली.

पंचवटीकर:
बाजार कुणावर पैसा लावतो, हे आधीच ठरलेलं असतं हो. ऑन्स्लोच्या सिंफन्या त्याच बाजारात छापल्या गेल्या.
आणि व्हिक्टोरीन गेल्यावर ती रिकामी बसली नाही. मुलगीही पियानो वाजवणारी. तिच्यामागे या बाईने नवऱ्याबरोबर कीबोर्डच्या जुन्या रचना गोळा करून छापायचं काम हाती घेतलं, 'ल ट्रेझॉर दे पियानिस्त', म्हणजे पियानोवादकांचा खजिना. १८६५ मध्ये नवराही गेला. तिने एकटीने ते पुरं केलं, वीसहून अधिक खंड. कूपराँ, स्कार्लाती असे जुने संगीतकार, सगळे तिने लोकांपुढे आणले. स्वतःच्या सिंफन्यांची हस्तलिखितं ठेवून १८७५ मध्ये गेली. त्या नीट छापून यायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडला.

जुनं नाशिक:
पुढच्या रविवारी नॉनेट लावणार असाल तर मी येते. वही घेऊन येईन.