नेटवर्क ड्रायव्हर अधूनमधून अडकतो, रिसेट केला की चालतो. मूळ कारण कसं शोधायचं?

तार_तुटली:
मंडळी मदत हवीय. एका बोर्डवरच्या गिगाबिट चिपचा लिनक्स ड्रायव्हर माझ्या गळ्यात पडलाय, आधीचा माणूस सोडून गेला आणि कोडमध्ये एक कमेंट नाही. फुल लोड दिला की दोन-तीन तासांनी लॉगमध्ये नेटडेव्ह वॉचडॉग (पाठवणं अडकलंय का हे बघणारा कर्नलचा टायमर), 'ट्रान्समिट क्यू ० टाइम्ड आउट' (पाठवायची रांग अडकली), मग टाइमआउट हँडलर चिप रिसेट करतो आणि गाडी परत सुरू. साहेब म्हणतात वॉचडॉगचे ५ सेकंद आहेत ते १ कर, कुणाला कळणारही नाही 🙄

जुना_पेंग्विन:
ताप आला की थर्मामीटर बदलायचा प्रकार झाला हा. आधी पीसीआयईचं (चिप ज्या बसने जोडलेली असते ती) एएसपीएम (लिंकची वीजबचत) बंद करून बघ, वीज वाचवायच्या नादात लिंक झोपते आणि काही चिप नीट उठतच नाहीत.

रिंगबफर:
लोडवरच होतंय म्हणजे मला तरी क्यू स्टॉप-वेकची रेस (रांग थांबवणं आणि उठवणं एकाच वेळी होऊन गडबड) वाटते. बघ, एक्समिट (पॅकेट पाठवणाऱ्या) फंक्शनला दिसतं रिंग (चिपला द्यायच्या पॅकेटांची गोल यादी) भरली, ते क्यू थांबवणार तेवढ्यात दुसऱ्या सीपीयूवर कम्प्लीशनवाल्याने (पाठवून झालेली पॅकेटं आवरणारा कोड) सगळे डिस्क्रिप्टर (रिंगमधल्या नोंदी) मोकळे केले, त्याला क्यू चालूच दिसली म्हणून त्याने वेक केलं नाही, आणि मग एक्समिटने क्यू थांबवली. आता वाटेत एकही पॅकेट नाही म्हणजे इंटरप्ट (चिपचा सीपीयूला इशारा) येणार नाही, उठवणार कोण? क्यू थांबवल्यावर मेमरी बॅरियर (वाचणं-लिहिणं ठरल्या क्रमानेच व्हावं म्हणून घालायची सूचना) टाकून जागा परत तपासायची, कम्प्लीशनच्या बाजूलाही बॅरियर हवा. हे इतके जण चुकवायचे की लिनक्स कर्नल ६.४ मध्ये त्याचे तयार मॅक्रोच (कोडचे तयार तुकडे) आले, तेच वापर, हाताने लिहू नको.

तार_तुटली:
एएसपीएमने काही फरक नाही. पण परत तपासणी खरंच नाहीये कोडमध्ये!! मॅक्रो टाकलेत, काल संध्याकाळपासून लोड चालू आहे, अजून तरी शांत. चिपला उगाच शिव्या घातल्या.

जुना_पेंग्विन:
😄 २००८ मध्ये कर्नल २.६.२७ च्या आरसीत (रिलीजआधीची चाचणी आवृत्ती) इंटेलच्या ई१०००ई नेटवर्क कार्डांचा एनव्हीएम (कार्डाची कायमची मेमरी) पुसला जात होता, कार्डंच निकामी, सगळे ड्रायव्हरच्या मागे आणि चोर निघाला डायनॅमिक एफट्रेस (कर्नलमधली फंक्शन ट्रेस करायची सोय), मोकळ्या झालेल्या पत्त्यांवर लिहीत होता. म्हणून म्हणतो, केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं) आणि डीएमए डीबग (चिपच्या थेट मेमरी वापरातल्या चुका पकडणारं) चालू करून अजून एक रात्र पळव, स्लो होईल पण होऊ दे. आणि टाइमआउटचा काउंटर ईथटूलमध्ये (नेटवर्क कार्डाची आकडेवारी दाखवणारी कमांड) दिसू दे, साहेबांना तोच दाखव.